उत्तर: बॅरन बेटाजवळ प्रवाळ आहे का?

ताई, अंदमानातलं बॅरन हे ज्वालामुखीचं बेट, तिथल्या राखेत प्रवाळ कसं जगेल, असं तुम्ही विचारलंत. तापलेला लाव्हा सगळं जाळतोच, पण थिजल्यावर उरतो कठीण, खडबडीत बसाल्ट, आणि प्रवाळाच्या अळ्यांना चिकटायला असाच खडक लागतो. इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर १९८८ च्या उद्रेकानंतर पाचच वर्षांत लाव्हावर भरगच्च प्रवाळ आलं होतं! अंदमानच्या बॅरनला तर प्रवाळासोबत मांटा रे हे मोठे चपटे मासेही दिसतात. बेटावर पाय ठेवू देत नाहीत, डायव्हिंग बोटीवरूनच. पाणी खोल आहे, त्यामुळे तुमच्या नवशिक्या मुलाला एवढ्यात तिथे नेऊ नका. आधी तुमच्या वडोदऱ्यातल्या लालबागच्या तरणतलावात त्याचं पोहणं पक्कं होऊ द्या. आणि शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास नको, वडोदऱ्याचं परतीचं तिकीट त्याच हिशेबाने काढा.