आजच्या साखरेवरून पुढच्या मधुमेहाचा अंदाज कितपत बांधता येतो?

प्रश्न :
माझे वय ४२ आहे आणि आईला मधुमेह आहे. माझी उपाशीपोटीची साखर गेल्या काही वर्षांत ८८ वरून ९४ आणि आता ९८ मिलिग्रॅमवर आली आहे. प्रत्येक अहवालावर ‘सामान्य’ असाच शेरा असतो. या वाढत्या आकड्यांवरून पुढील धोक्याचा अंदाज बांधता येतो का, आणि त्यासाठी कोणती तपासणी अधिक उपयोगी ठरेल?

उत्तर १ :
अंदाज बांधता येतो, मात्र तो शक्यतेचा असतो. उपाशीपोटी १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था आणि १२६ पासून पुढे मधुमेह, अशी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची विभागणी आहे. जागतिक आरोग्य संघटना मधुमेहपूर्व अवस्थेची सुरुवात ११० पासून धरते. सीमारेषेबद्दल तज्ज्ञ संस्थांमध्येच फरक आहे, याचा अर्थ ९९ आणि १०१ यांच्यामध्ये कोणतीही भिंत नाही. इस्रायलच्या सैन्यातील तरुण पुरुषांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० च्या आतही वरच्या टोकाला साखर असणाऱ्यांना पुढे मधुमेह होण्याचे प्रमाण जास्त आढळले, आणि ज्यांचे वजन किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) ही वाढलेले होते त्यांच्यात ते आणखी जास्त होते. म्हणून आपल्या आकड्यासोबत आईचा आजार, कंबरेचा घेर आणि रक्तदाब यांचाही विचार व्हायला हवा.

उत्तर २ :
वरील म्हणणे मला मान्य आहे, पण ९४ आणि ९८ यांतील फरकाला फार अर्थ देऊ नये. आदल्या रात्रीची अपुरी झोप, एखादे आजारपण किंवा नमुना प्रयोगशाळेत तसाच पडून राहणे, एवढ्यानेही आकडा इतका हलू शकतो. कल ठरवायचा असेल तर तो काही वर्षांच्या नोंदींवरूनच ठरवावा.

तपासणीबद्दल सांगायचे, तर इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले तरी स्वादुपिंड बराच काळ जास्त इन्सुलिन स्रवून साखर आटोक्यात ठेवते, आणि ही ओढाताण उपाशीपोटीच्या तपासणीत पुष्कळदा दिसतच नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १४० ते १९९ आली, तर उपाशीपोटीचा आकडा चांगला असूनही धोका वाढलेला असतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२४ मध्ये एका तासानंतरच्या साखरेलाही महत्त्व दिले असून तेथे १५५ ही पातळी इशाऱ्याची मानली आहे. आपल्या परिस्थितीत डॉक्टरांशी बोलून ही चाचणी एकदा करून घेणे मला योग्य वाटते.

प्रश्नकर्ता :
मग एचबीए१सी पुरेशी नाही का? ती उपाशी न राहता करता येते.

उत्तर ३ :
ती साधारण दोन ते तीन महिन्यांची सरासरी दाखवते आणि ५.७ ते ६.४ टक्के ही तिची मधुमेहपूर्व कक्षा आहे. परंतु ती लाल रक्तपेशींवर अवलंबून असते, त्यामुळे लोहाच्या कमतरतेत ती खोटी वाढू शकते, तर रक्तस्रावानंतर किंवा पेशी लवकर नष्ट होणाऱ्या आजारांत खोटी कमी येऊ शकते. हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय तिच्यावर निष्कर्ष काढू नये.

आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात ग्लुकोज पचवण्याची क्षमता बिघडलेल्या लोकांनी सुमारे सात टक्के वजन कमी करण्याचे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले; मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाने ते ३१ टक्क्यांनी घटले होते. आपली साखर त्या टप्प्याला पोहोचली आहे की नाही, हे ग्लुकोज पिऊन केलेल्या चाचणीनंतरच कळेल; पण तिचा निकाल काहीही येवो, चालणे आजच सुरू करण्यास हरकत नाही.