अडुळशाचं घरगुती सिरप टिकत नाही : एकदा बुरशी, एकदा साखर. मदत हवी आहे

ओली_सुंठ

अडुळशाच्या दोन खेपा वाया गेल्या. मापं जशीच्या तशी देते, चूक कुठे आहे ते सांगा.

खेप पहिली : ताजी पानं २५० ग्रॅम, पाणी १ लिटर, ज्येष्ठमधाची भरड १० ग्रॅम. आटवून ४०० मिली उरलं. गाळून त्यात ४०० ग्रॅम साखर, विरघळेपर्यंत गरम केलं, गरमच बाटलीत ओतून झाकण घट्ट लावलं. बाटली ओट्यावरच होती. नवव्या दिवशी वर पांढरट ठिपके, आणि झाकण उघडताना फस्स आवाज.

खेप दुसरी : मापं तीच, पण पाक एकतारी केला. चार दिवसांत तळाला खडीसाखर, बाटलीच्या गळ्यालाही साखरेचं कडं.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला तर टिकेल का? मुक्काम पुणे. घ्यायचं आहे दोघांना. मुलगी ९ वर्षांची, सकाळी उठल्याउठल्या दहा-पंधरा शिंका, नाकातून पाणी, डोळे खाजतात, ताप नाही. सासरे ६८, दीड महिना खोकला, कफ जेमतेम. बीपीची गोळी चालू आहे.

साखरपाक

दोन्ही खेपांत चुकलं ते एकच : साखरेचं प्रमाण. पहिलीत कमी, दुसरीत जास्त.

४०० मिली काढ्यात ४०० ग्रॅम साखर म्हणजे वजनाने जेमतेम ५० टक्के. एवढ्या गोडात यीस्ट मजेत वाढतं. फस्स झालं तो त्याचाच वायू, आणि ठिपके बुरशीचे. साखर टिकवते ती पाणी धरून ठेवते म्हणून, जंतूंच्या वाट्याला पाणी उरत नाही. त्यासाठी ६५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. औषधी सिरपचं ठरलेलं प्रमाण ६६.७ टक्के, म्हणजे वजनाने एक भाग पाणी, दोन भाग साखर. २५० ग्रॅम काढा असेल तर साखर ५०० ग्रॅम. अर्धी नाही, बरोबरीने नाही, दुप्पट.

उलट, साधारण खोलीच्या तापमानाला पाण्यात साखर मावते तीच ६७ टक्क्यांच्या आसपास. एकतारी पाक त्याच्या बराच पुढे गेलेला असतो. गरम असताना सगळं विरघळलेलं दिसतं, गार झालं की जास्तीची साखर खड्यांच्या रूपाने बाहेर येते. गळ्याचं कडं हे त्या खड्यांचं बियाणं. तिथला एक कण आत पडला की बाकीची साखर त्याला येऊन चिकटते. म्हणून ओतून झाल्यावर गळा ओल्या फडक्याने पुसायचा.

आपल्याला हवा तो पाक तार यायच्या आधीचा, गुलाबजामचा असतो तसा बोटाला नुसता चिकट. साखर घातल्यावर लगेच अर्धा चमचा लिंबाचा रस घाला आणि मंद आचेवर ८-१० मिनिटं उकळू द्या. आंबटाने साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतो, मग खडे धरत नाहीत. लिंबू शेवटी गॅस बंद करून पिळलं तर नुसती चव येते, काम होत नाही.

आता बाटली. गरम सिरप ओतून झाकण लावलं की वाफ झाकणाला जाऊन पाणी होते आणि थेंब परत वरच्या थरावर पडतात. खाली ६६ टक्के असलं तरी वरचा अर्धा सेंटीमीटर पातळ होतो आणि बुरशीला तेवढं पुरतं. म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरायची, झाकण लावून दोन मिनिटं उलटी ठेवायची, आणि पूर्ण गार झाल्यावर चांगली हलवायची. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. काचेची बाटली आधी १० मिनिटं पाण्यात उकळून अगदी कोरडी झालेली हवी, आणि ओतताना कोमट हवी, नाहीतर तडकेल. सिरप चमच्यावर ओतून घ्या, चमचा बाटलीत बुडवू नका.

बुरशी आलेलं वरून काढून पुन्हा उकळून वापरू नका. बुरशी मरते, तिने सोडलेली विषं उकळून जातातच असं नाही.

पानोपानी

पाकाचं वर आलंच आहे, मी पानांपुरतं सांगतो.

आधी झाड तेच आहे ना बघा. पानं समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी, वीतभर लांब. फूल पांढरं, दोन ओठांचं, आत जांभळट रेघा. जबडा उघडलेल्या सिंहासारखं, म्हणून संस्कृतात सिंहास्य. बाजारातल्या वाळलेल्या पानांत भेसळ असते, कुंपणाचा अडुळसा मिळत असेल तर तोच बरा. रस्त्याकडेचा नको, फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचा तर नकोच. पानं पक्की, गडद हिरवी घ्या. पिवळी, ठिपके पडलेली, जाळी झालेली काढून टाका.

काढ्याचं जुनं गणित असं : मऊ द्रव्याला चौपट पाणी, मध्यमला आठपट, कठीण मुळं-सालींना सोळापट, आणि आटवून चौथा हिस्सा. २५० ग्रॅम पानांना तुमचं लिटरभर पाणी बरोबर आहे, पण ४०० वर थांबू नका, २५० वर या. पातेल्यात पाणी ओतल्यावर एका काडीवर २५० मिलीची खूण आधीच करून ठेवा, अंदाज चुकत नाही. ज्येष्ठमध रात्री पाव लिटर पाण्यात भिजत घाला आणि ते पाणी त्या लिटरातच धरा. फेस फार येतो, पातेलं मोठं घ्या.

झाकण ठेवू नका, आच मंद. अडुळशातलं मुख्य द्रव्य, व्हॅसिसीन, वाफेबरोबर उडत नाही. तुळस, आलं, गवती चहा यांचं उलट : वास गेला की काम गेलं. ते सुरुवातीपासून उकळत ठेवणं म्हणजे स्वयंपाकघर सुगंधी करणं. घालायचेच तर गॅस बंद केल्यावर झाकून दहा मिनिटं, मग गाळा.

पानांचा नुसता रस काढायला जाल तर मिक्सरमध्ये लगदा होतो आणि चार थेंब येतात. पान जाड आणि कमी रसाचं. म्हणून जुन्या पद्धतीत वाफवून पिळतात : पानं इडलीपात्रात ८-१० मिनिटं, कोमट झाली की फडक्यात घट्ट पिळायची. हा रस त्याच दिवशीचा.

बिनसाखरेचा काढा फ्रीजमध्ये एक दिवस. दुसऱ्या दिवशी वास बदलला नसला तरी ओता.

दुपारचा_चहा

शिंकांवर वेखंडाची पूड चिमूटभर नाकात फुंकायची, लगेच मोकळं होतं. आमच्याकडे सगळे करतात. आणि साखर कशाला, गूळच घाला.

खलबत्ता

नाकात पूड फुंकू नका. मुलीचं नाक आधीच चिडलेलं आहे, त्यात कोरडी पूड म्हणजे आणखी शिंका, आणि श्वासात ओढली गेली तर घसा आवळू शकतो. वेखंडात बीटा-ॲसरोन असतं, ते पोटात जाणंही बरं नाही. निलगिरीचं तेल किंवा कापूर पोटात अजिबात नाही, लहान मुलांत त्याने झटके येतात. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाजवळ कापूर चोळणंही टाळा.

गुळाबद्दल : गुळात पाणी आणि खनिजं असतात, साखरेच्या वजनाएवढा घातला तरी प्रत्यक्ष साखर कमी पडते. वर हवेतलं पाणीही ओढतो. चिंचेच्या चटणीत चालेल, महिनाभर ठेवायच्या बाटलीत नाही. मध उकळत्यात घालू नका. प्यायच्या वेळी कोमट काढ्यात चमचाभर घाला. वर्षाखालच्या बाळाला मध नाही, बोटावरचा चाटवणंसुद्धा नाही. कारण बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा जीवघेणा आजार.

आता खरा मुद्दा. अडुळसा कशासाठी? घट्ट कफ सुटा व्हायला. ब्रोमहेक्सिन आणि ॲम्ब्रोक्सॉल ही खोकल्याच्या बाटलीवर दिसणारी नावं याच व्हॅसिसीनवरून निघाली. पण तुम्ही लिहिलेल्या दोघांपैकी घट्ट कफ एकालाही दिसत नाही.

मुलगी : उठल्याउठल्या ओळीने शिंका, पाणी, डोळ्यांना खाज, ताप नाही. ही सर्दीपेक्षा ॲलर्जीची खूण. सर्दी आधी घशाला धरते, अंग मोडतं, आणि सात ते दहा दिवसांत उतरते. ॲलर्जी आठवडेच्या आठवडे चालते आणि खाजते. सकाळचाच जोर असेल तर गादीतल्या धुळीच्या किड्यांवर पहिला संशय. चादर-उशीचे अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, कापसाच्या उशीला बंद खोळ घाला, पलंगाखालचं सामान हलवा, झोपायच्या खोलीत उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद. कोणत्याही काढ्यापेक्षा याने जास्त फरक पडतो. पुरला नाही तर डॉक्टरांकडून नाकाचा स्प्रे. तो रोज, नियमाने घ्यावा लागतो, शिंक आली की मारायचा नसतो.

घरात करण्यासारखं एक आहे : मिठाच्या पाण्याने नाक धुणं. २५० मिली पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ (अर्ध्या लहान चमच्याला किंचित कमी) आणि चिमूटभर खायचा सोडा. काट्यावर एवढं बारीक मोजता येत नसेल तर लिटरला ९ ग्रॅम करा. मीठ आयोडीन नसलेलं. सैंधव चालेल, पण त्यातली कच बसते म्हणून गाळा. मीठ कमी पडलं तर नाकात झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. बरोबर असलं की काही कळत नाही. पाणी आधी खळखळ उकळून गार केलेलंच, नळाचं थेट कधीच नाही. नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा अमीबा दुर्मिळ, पण जवळजवळ नेहमीच जीवघेणा. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल त्या दिवशी नको.

आणखी एक. गाजरगवताची ॲलर्जी असणाऱ्यांनी शेवंती किंवा कॅमोमाइलचा चहा जपून प्यावा, घराणं एकच. पुण्यात हे सांगायलाच हवं. भारतात या गवताची पहिली नोंद १९५०च्या दशकात तिथलीच.

सासरे : ज्येष्ठमध बंद करा. रोज घेतलं तर बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल तर जास्तच. मग गोळीचं नाव बघा. शेवटी 'प्रिल' असेल, रामिप्रिल, एनालाप्रिल वगैरे, तर कोरडा खोकला त्या गोळीचाच असू शकतो. गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची. आणि दीड महिना खोकला म्हणजे थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. टीबीसाठी दोन आठवड्यांची मर्यादा धरतात. सरकारी केंद्रात ती फुकट होते.

मधुमेह असेल तर हेही धरा : ५ मिली सिरपमध्ये सव्वाचार-साडेचार ग्रॅम साखर. दोन चमचे तीनदा घेतलं की दिवसाला २५ ग्रॅमच्या वर. गरोदरपणात अडुळसा नाही, गर्भाशय आकुंचन पावतं.

ओली_सुंठ

खलबत्ता, पाकात एवढी अडकले होते की हा प्रश्न पडलाच नाही. गोळी 'प्रिल'वालीच निघाली. उद्याच दाखवतो, थुंकीचंही विचारतो. अडुळसा आता कुणाला घट्ट कफ झाला तर, म्हणून ज्येष्ठमध न घालता छोटी खेप करते.

साखरपाक, थर्मामीटर आहे. किती अंशावर बंद करू?

साखरपाक

मुंबईत १०४. पुण्यात पाणीच ९८ च्या आसपास उकळतं, तिथे १०२. आधी नुसतं पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते बघा आणि त्यात ४ मिळवा, म्हणजे थर्मामीटरची खोडही आपोआप वजा होते.

थर्मामीटरपेक्षा काटा भरवशाचा. पूर्ण गार झालेलं सिरप १०० मिली मोजून वजन करा. १३२ ग्रॅम भरलं की झालं.

ओली_सुंठ

१२७ भरलं. साखर ५०० ग्रॅमच घातली होती, पण काढा मोजायचा राहिला. सगळं मिळून ८८० ग्रॅम आहे. टाकून देऊ?

साखरपाक

टाकू नका, अजून बाटलीत गेलेलं नाही ना. ८८० मध्ये ५०० म्हणजे ५७ टक्के. पातेलं रिकामं किती भरतं ते माहीत असू द्या, मंद आचेवर ठेवा, आणि आतलं ७५० ग्रॅम उरलं की उतरवा. साखर वाढवूनही जमेल, पण २६० ग्रॅम घालावी लागेल आणि औषध तेवढंच पातळ होईल. आटवणंच बरं. लिंबू घातलं होतं का?

ओली_सुंठ

हो, साखरेबरोबरच. पातेलं ६१० ग्रॅमचं आहे, म्हणजे काट्यावर १३६० ला उतरवते.