'लेडी डॉक्टर सिस्टीम स्वीकारत नाहीत' म्हणे!

रात्रपाळी:
कालच्या पोस्टमध्ये एकांनी ठोकून दिलंय की नवीन सिस्टीम आली की लेडी डॉक्टर कुरकुर करतात, पुरुषांना मुळातच यंत्रांची आवड. डोकं फिरलं म्हणून लिहितेय. आमच्याकडे ईएमआर (पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) आलं तेव्हा पहिल्या दिवशी ट्रेनिंगला आम्ही तिघीच होतो. सरांनी टायपिंगला रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) बसवला. डोसच्या रकान्यात ०.५ टाकलं की ५ दिसायचं, हे मी तीनदा कळवलं. सरांचं लॉगिन रोज चालू, म्हणून ते 'उत्साही'. मी 'विरोधक'. जो वापरतो त्यालाच चुका दिसतात ना?

बिनटाक्याचा:
एका अनुभवावर निष्कर्ष नको. नवीन तंत्रज्ञान कोण कसं स्वीकारतं यावर वेंकटेश आणि मॉरिस यांचा अभ्यास आहे, २०००: पुरुष उपयोग किती ते बघतात, स्त्रिया वापरायला सोपं आहे का ते. फरक आहेच.

रात्रपाळी:
तो अभ्यास कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांचा, डॉक्टरांचा नाही. आणि सोपं आहे का हे विचारणं म्हणजे नकार? अमेरिकेतल्या प्राथमिक उपचारांच्या डॉक्टरांवरचा २०२२ चा अभ्यास बघा. स्त्री डॉक्टरांना पेशंटचे मेसेज २६ टक्के जास्त, स्टाफचे २४ टक्के जास्त. तेच सॉफ्टवेअर, पण काम जास्त.

जुना फिजिशियन:
बाई-पुरुष सोडा, वय बघा. मी पुरुष आहे आणि मला तो स्क्रीन नकोच. २०१६ मध्ये अमेरिकेत मोजलं होतं, पेशंटसमोर एक तास तर संगणक आणि कागदपत्रांत जवळजवळ दोन. पेशंटचा चेहरा कधी बघायचा?

साडेसहा:
स्क्रीनचं राहू द्या, स्टेपलरचं बोला. माझ्या ग्लोव्हचं माप साडेसहा, म्हणजे हात लहान. लॅपच्या (दुर्बिणीतून करायच्या ऑपरेशनच्या) स्टेपलरचं हँडल एका हातात मावत नाही, दुसरा हात लावावाच लागतो. लगेच मागून आवाज, 'मॅडमना अजून सवय नाही.' २००४ मध्ये ७२६ लॅप सर्जनना विचारलं होतं, साडेसहा आणि त्याखालच्या हातांना त्रास जास्त.

बिनटाक्याचा:
माझा ग्लोव्ह सात. मलाही जड जातं. हा हाताच्या मापाचा प्रश्न झाला, उगाच बाई-पुरुष कशाला?

साडेसहा:
तुम्हाला जड गेलं की स्टेपलर भिकार. मला गेलं की मी कच्ची. चौदा वर्षं ऐकतेय हे! लहान हँडल मागवा म्हटलं तर खरेदी समितीत एकही बाई नाही.

बिनटाक्याचा:
आवाज चढवू नका. समितीत मीही नाही.

रात्रपाळी:
@जुना फिजिशियन, मग तुमच्या दवाखान्यातलं सॉफ्टवेअर कोण बघतं?

जुना फिजिशियन:
आमची ही. तीही डॉक्टरच. पेशंट संपले की रात्री बसून नोंदी भरते, माझ्यासुद्धा. ...बरं, वयाचा मुद्दा मागे घेतो. आम्ही एकाच बॅचचे.

बिनटाक्याचा:
स्टेपलरचं मान्य. ईएमआरचं अजून पटलेलं नाही. ते ०.५ चं शेवटी दुरुस्त झालं का?

रात्रपाळी:
झालं. सरांनी फोन केला, त्याच संध्याकाळी.