मदत हवी आहे: जुन्या पत्रांवरची नेत्याची सही खरी कशी ओळखावी?

एका दिवंगत राजकीय नेत्याच्या सहीची काही टंकलिखित पत्रं माझ्याकडे आली आहेत. विकायची नाहीत, एखाद्या अभिलेखागाराला द्यायची आहेत. पण त्याआधी सह्या हातच्याच आहेत ना, हे समजून घ्यायचंय.

थोडं वाचलंय. रबरी शिक्का असेल तर शाई कडेला साचते आणि निबाचा दाब कागदावर उमटत नाही. सही करणाऱ्या यंत्राची, म्हणजे ऑटोपेनची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या जाडीची येते, आणि दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत जुळतात. माणसाच्या हातून असं होत नाही. हे सगळं भिंगाखाली पाहिलं, शिक्का किंवा यंत्र वाटत नाही.

अडलंय ते सचिवांच्या सह्यांपाशी. अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या नावाने त्यांच्या सचिवांनी केलेल्या कितीतरी सह्या आहेत, आणि त्याही शाईच्याच! माझ्या दोन पत्रांतली आद्याक्षरं वेगळ्या वळणाची दिसतात. घाईत केलेली सही आणि दुसऱ्याने केलेली सही, हा फरक तुम्ही कशावरून ठरवता? पत्राच्या तळाशी टंकलेखकाची आद्याक्षरं आहेत, त्यांचा काही उपयोग होतो का?

दुसरं, एका पत्राची शाई तपकिरी होऊन कागद खाऊ लागली आहे. लॅमिनेशन करणार नाही, ते माहीत आहे. पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवलं तर चालेल, की आम्लविरहित कागदच बरा? प्रत्यक्ष हाताळलेल्यांनी सांगावं, प्लीज.