पुरोगामी कार्यक्रमाला कॉलेजातली मुलं का थांबत नाहीत? (सांगली)

येरळाकाठ

नमस्कार. मी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. गाव तासगाव तालुक्यात, कॉलेज सांगलीत, रोजची ये-जा एसटीनं. गेल्या वर्षी आम्ही सात जणांनी अभ्यासमंडळ सुरू केलं. दर शनिवारी दुपारी ग्रंथालयामागच्या कट्ट्यावर बसतो, काहीतरी वाचतो, भांडतो, पुन्हा वाचतो. ते छान चाललंय. अडचण आहे ती कट्ट्याबाहेर.

गेल्या महिन्यात २० ऑगस्टला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या स्मृतिदिनी, आम्ही व्याख्यान ठेवलं. कॉलेजनं हॉल दिला नाही. "राजकीय विषय आवारात नको" एवढंच उत्तर मिळालं. मग बाहेर एक लहान हॉल घेतला. भाडं, फ्लेक्स, कोल्हापूरहून आलेल्या वक्त्यांचा प्रवासखर्च, शाल, श्रीफळ, चहा-बिस्किटं असे सगळे मिळून ४,२०० रुपये गेले, ते आम्ही सातांनी घातले. कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. मी त्या रात्री मावशीकडं मुक्कामाला राहिले. माणसं आली १४. त्यात आम्ही ७, आणि दोघं आमचेच भाऊ. वक्ते दीड तास जीव तोडून बोलले. रिकाम्या खुर्च्या बघून मला रडू येत होतं.

मंडळातला एक जण म्हणतो, आजच्या पोरांना विचार नकोच आहेत, रील हवेत. मला ते पटत नाही. माझ्या वर्गातल्या मुली बसमध्ये कशावर बोलतात, तर घरच्यांची लग्नाची घाई, हुंडा, वाडीला टँकर येतो आणि वस्तीला का येत नाही, कोण कुणाच्या घरी पाणी पीत नाही. हे सगळं आमच्याच मंडळाचं आहे की! मग त्या येत का नाहीत? सातारा-सांगलीत कुणी असं काही चालवलं असेल तर सांगा. पैसे फारसे नाहीत, ताकद आहे.

माहुलीकर

हॉल नाकारला म्हणून खचू नकोस. साताऱ्यात आम्ही हॉल घेणंच सोडलं. ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्यातल्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. रजिस्टरात 'भिवा' असं नाव आहे, नोंद क्रमांक १९१४. २०१७ पासून शासनच हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतं, त्यामुळे त्याला राजकीय म्हणायची कुणाची छाती होत नाही. आम्ही पोवई नाक्यापासून शाळेपर्यंत चालत जातो. तिथं भाषण नसतं. प्रत्येकानं एकच सांगायचं, आपल्या घरात शाळेत गेलेलं पहिलं माणूस कोण. कुणी पणजोबा सांगतं, कुणी आई सांगतं. मागं एक मुलगा उठला, "मीच" म्हणाला आणि खाली बसला. त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. त्याचं नाव मला माहीत नाही, पण पुढच्या वर्षी तो चार जणांना घेऊन आला.

डफवाली

येरळाकाठ, त्या रात्री मावशीकडं राहिलीस हे तू सहज लिहून गेलीस. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या वाक्यात आहे. तुला मावशी होती. तुझ्या वर्गातल्या मुलींना साडेपाचची गाडी होती.

मी २००३ ते २००६ सांगलीत शिकले, आता वाळवा तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. आमचाही गट होता आणि आमचेही कार्यक्रम सहाला असायचे, कारण वक्त्यांना ती वेळ सोयीची. पोस्टर माझी एक मैत्रीण करायची, जत तालुक्यातली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर निळ्या पोस्टर कलरनं लिहायची. ब्रश झिजला की काडीला कापूस गुंडाळायची. अक्षर असं की रस्त्याच्या पलीकडून वाचता यावं. बोटांची निळाई दोन-दोन दिवस जायची नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ती साडेचारला येऊन सतरंजी झटकायची, खुर्च्या लावायची, फलकावर वक्त्यांचं नाव लिहायची, आणि सव्वापाचला पिशवी उचलून स्टँडकडं पळायची. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बोलता बोलता म्हणाली, "मी अजून एकही भाषण ऐकलेलं नाही." तक्रार म्हणून नाही, सहजच. मला आजही ते आठवलं की गलबलून येतं. समतेचं पोस्टर जिनं रंगवलं तिलाच आम्ही दाराबाहेर ठेवलं होतं आणि दोन वर्षांत एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी आम्ही घड्याळ बदललं. लेक्चर संपून प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी चाळीस मिनिटं मोकळी असायची, ती धरली. सायकल स्टँडजवळच्या झाडाखाली. खुर्च्या नाहीत, माईक नाही, शाल नाही, श्रीफळ नाही. पंचवीस मिनिटांत संपवायचं, म्हणजे पोरांना डबाही खाता येतो.

माझ्याकडं डफ होता, चुलत्यांचा. जुलैत हवा ओली असते, कातडं सैल पडतं आणि आवाज बसका येतो. मग झाडाच्या आडोशाला वर्तमानपत्रं पेटवायची आणि त्यावर डफ धरायचा, हातभर उंचीवर, सारखा फिरवत. एका जागी धरला तर कातडं चिरतं. मधे मधे बोटानं टिचकी मारून बघायची. पहिल्यांदा ढब् वाजतं, मग ढण्, आणि कातडं ताणलं की खणखणीत आवाज निघतो. तो आवाज चढेपर्यंतच तीस-चाळीस पोरं भोवती उभी राहिलेली असायची. बोलावणं करायला लागलं नाही.

मग बतावणी. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातून आपलं म्हणणं गावोगाव नेलं, त्यातली सवाल-जवाबाची ही पद्धत अजून ताजी आहे. एकानं शहाणं व्हायचं, एकानं भाबडं. भाबडा विचारत राहतो आणि शहाण्याची उत्तरं एकेक करून उघडी पडत जातात. आमची पहिली बतावणी हुंड्यावर होती. लिहिली कुणी तर जतच्या त्याच मैत्रिणीनं. आणि तीच भाबडी झाली. तिच्या तोंडी एक सवाल होता, "मामा, म्हशीला पैसे देऊन आणतात, मग माझ्याबरोबर पैसे का देतात?" गर्दीतून हशा आला आणि लगेच थांबला. समोर उभ्या असलेल्या कितीतरी मुलींच्या घरी त्याच वर्षी पाहुणे बघून गेले होते.

आपल्या वाळवा तालुक्यानं वाटेगावचे अण्णा भाऊ साठे दिले. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं आणि मुंबईच्या गिरणी कामगारांसमोर ते उभे राहिले. माणसं जिथं होती तिथं ते गेले. आपणही तसंच करायचं. बस स्टँड, मेस, वसतिगृहाचा ओटा, लॅबबाहेरचा जिना.

दाभोलकरांवर व्याख्यान ठेवलंस, चांगलंच केलंस. पण त्यांची पद्धत आठव. अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते गावात आधी बुवाचा चमत्कार स्वतः करून दाखवतात आणि मग त्यामागचं कारण सांगतात. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकलं की काडी न ओढता जाळ होतो. हे बी.एस्सी.च्या एखाद्या मुलीला करू दे, सरांना जवळ उभं करून. बघणाऱ्यांत तिच्या वर्गातल्याच पोरी असतील. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर पाच मिनिटांत सांगितलात तरी डोक्यात राहतो.

आणि एक विचारते, राग मानू नकोस. तुमच्या सातांत कोण कोण आहे? किती गावांतून येता, किती आळ्यांतून?

तासिकावाला

मी सातारा जिल्ह्यात तासिका तत्त्वावर शिकवतो. परवानगीच्या बाजूनं दोन शब्द लिहितो, कारण तो कागद माझ्यासारख्यांच्या टेबलावरून जातो. विद्यार्थ्यांच्या मतदानानं होणाऱ्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, तेव्हापासून 'राजकीय' हा शब्द आवारात मारामारीच्या अर्थानंच वापरला जातो. नको म्हणणारा प्रत्येक जण विरोधातच असतो असं नाही. पुष्कळदा तो उद्याच्या फोनला घाबरलेला असतो. मीही घाबरतो, माझी ऑर्डर दरवर्षी नव्यानं निघते.

म्हणून अर्ज असा लिहा की सही करणाऱ्याला आधार मिळेल. २४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिवस, १९६९ चा. कॉलेजला त्या दिवशी कार्यक्रम घ्यावाच लागतो आणि बहुतेक ठिकाणी सकाळी आवार झाडून फोटो काढला की तो संपतो. आता हे बघा, २४ सप्टेंबर १८७३ ला जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. तारीख एकच. आणि त्याच्या दोन दिवस आधी, २२ सप्टेंबरला, कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती. तेही सत्यशोधक. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा दिलं. यातल्या कशाला कोण हरकत घेणार? कार्यक्रम अधिकाऱ्यांना आजच भेटा, अजून वेळ आहे.

माहुलीकरांची ७ नोव्हेंबरची कल्पना मला मनापासून आवडली, पण सांगलीत येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांसाठी ती अवघड जाईल. त्या सुमाराला एकतर सेमिस्टरची परीक्षा असते नाहीतर दिवाळीची सुट्टी.

डफवाली ताईंशी मात्र एका बाबतीत माझं पटत नाही. पथनाट्य झालं, टाळ्या झाल्या, पोरं वर्गात गेली, असं मी खूप वेळा बघितलंय. त्यानंतर हातात काहीतरी उरलं पाहिजे. बतावणी संपताना एका प्रश्नाची चिठ्ठी द्या, घरी विचारून यायला. आपल्या भागाला प्रश्न कमी नाहीत. १९४३ ते ४६ क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं स्वतःचं सरकार, याच गावांतून चाललं. गावात न्यायनिवाडा होत होता, कर्ज न काढता साध्या पद्धतीनं लग्नं लावली जात होती. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वेगाडी अडवणारे, प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, कुंडलचे रामचंद्र लाड, तेव्हा विशीत होते. म्हणजे तुमच्याच वयाचे. घरी विचारा, त्या काळात आपल्या घरात काय चाललं होतं? आलेली उत्तरं वहीत उतरवा. वाचनाची गोडी अशा वहीतून लागते, हा माझा अनुभव आहे.

येरळाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. ताई, तुमचं पहिलं वाक्य वाचून मी मोबाईल खाली ठेवला. रोज एसटीनं येणारी मी, आणि कार्यक्रम ठरवताना गाडीचा विचार माझ्याही मनात आला नाही. काल वर्गात विचारलं. ६२ पैकी ४१ जणी बाहेरगावच्या निघाल्या. सहाच्या आत गाव गाठायचं, असं जवळजवळ सगळ्यांच्या घरून सांगणं आहे.

तुम्ही विचारलंत ते मोजलं. सात जणांत पाच सांगली शहरातले, सगळे कलाशाखेचे, मुली दोनच. आणि वस्तीवरून येणारं एकही नाही. हे लिहिताना जड जातंय, पण खरं आहे. आमच्या बसला मागच्या सीटवर बसणारी एक मुलगी आहे, बी.एस्सी. केमिस्ट्रीची. तीन वर्षं एका गाडीत आहोत आणि मी तिच्याशी तिकिटाच्या सुट्ट्या पैशांपलीकडं बोलले नव्हते. आज तिच्या शेजारी जाऊन बसले. ग्लिसरीनचा प्रयोग सांगितला तर म्हणाली, "मी करते, पण परमँगनेट बारीक कुटून घ्यायला लागेल, खड्यांनी वेळ लागतो." तिला येत होतं सगळं!

सर, तुमचा प्रश्न मी आधी माझ्याच घरी विचारला. आजी म्हणाली, तिच्या सासूबाई भूमिगतांना भाकरी पोचवायच्या. पाटीत खाली भाकरी, वर शेण्या, आणि जोंधळ्याच्या रानात बांधाला पाटी ठेवून मागं न बघता परत यायचं. कोण घेऊन जातं ते त्यांनी कधी बघितलं नाही. मी २१ वर्षांची झाले, आमच्या घरात हे कधी बोललं गेलं नव्हतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तू कधी विचारलंस?"

कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटलो. २४ तारखेला सकाळी ११.४० ते १२.०५ अशी वेळ मिळाली, पार्किंगजवळच्या पिंपळाखाली. आता अडचण एकच, आमच्यात डफ वाजवणारं कुणी नाही. आणि बतावणी कशावर करावी?

डफवाली

शेवटच्या गाडीवर कर. एकीनं डेपोचा साहेब व्हायचं, एकीनं गावची पोर. वेळापत्रक कोण ठरवतं, कुणाला विचारून ठरवतं, मुलींच्या शिक्षणाचं पुढं काय होतं, सगळं त्यात येतं. नायगावच्या सावित्रीबाई शाळेत शिकवायला चालत जायच्या तेव्हा वाटेत शेण अंगावर यायचं. तुमच्या वाटेत काय येतं ते तुम्हीच लिहा. लिहायला त्या केमिस्ट्रीच्या मुलीला आणि बसमधल्या बाकीच्यांना बसव, गाडीतच लिहा. आणि आजीला विचार, भाकरीच्या पाटीची गोष्ट सांगायला कॉलेजात येशील का? एक खुर्ची तेवढी तिच्यासाठी ठेवा.

चोवीस तारखेची रजा मी टाकली आहे. इस्लामपूरहून साडेआठची गाडी धरते, दहाला सांगलीत असेन. डफ आणते. तुमच्यातली एक जण माझ्याजवळ उभी कर, तिला शेकायला आणि धरायला शिकवते, म्हणजे पुढच्या वेळी माझी वाट बघायला नको. पाऊस असेल तर वर्तमानपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत आणा, ओली झाली की नुसता धूर होतो.