अनुभव धागा : नेत्यांची भडक विधाने आणि आपल्यापर्यंत आलेली बातमी

नेता काहीतरी भडक बोलतो, दिवसभर वाहिन्यांवर तेच एक वाक्य फिरते आणि संध्याकाळी तो 'माझ्या विधानाचा विपर्यास केला' असे सांगतो. ज्यांनी अशी बातमी स्वतः लिहिली किंवा तिची झळ सोसली, त्यांनी आपला अनुभव येथे मांडावा.

उपसंपादक, सोलापूर

एप्रिल 2013 मध्ये मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत होतो. उजनीचे पाणी सोडावे म्हणून आमच्या जिल्ह्यातले एक शेतकरी आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते आणि त्यांचा उल्लेख करून अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत 'धरणात पाणीच नाही, तर काय लघवी करायची का' या अर्थाचे जे बोलले, ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मी चित्रफीत अखेरपर्यंत पाहिली. मागचे-पुढचे सगळे ऐकूनही ते वाक्य सौम्य होत नव्हते, त्यामुळे विपर्यास झाला असे मला कधीच म्हणता आले नाही. पवारांनीही माफी मागितली आणि कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी बसून आत्मक्लेश केला. मात्र त्या दिवसांत माझ्या पानावर निषेध, माफी आणि राजीनाम्याची मागणी एवढेच जात राहिले. उजनीतून किती पाणी, केव्हा आणि नदीतून सोडायचे की कालव्यातून, हा उपोषणामागचा मूळ प्रश्न आतल्या पानावर एकदाच छापला गेला. ते पान मीच लावले होते आणि त्याची रुखरुख आजही आहे.

व्यापारी, महाड

22 जुलै 2021 च्या महापुरात माझे दुकान बुडाले. त्याच दिवशी आमच्या तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. महिन्याभराने, 23 ऑगस्टला, जनआशीर्वाद यात्रेसोबत नारायण राणे महाडला आले. ते तेव्हा केंद्रात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्री होते, म्हणून आमच्यासारख्यांच्या कर्जाबद्दल काही कळेल, अशी मला आशा होती. पत्रकार परिषदेत त्यांनी मुख्यमंत्र्यांच्या कानाखाली लगावण्याची भाषा केली. दुसऱ्या दिवशी त्यांना अटक झाली आणि रात्री महाडच्याच न्यायालयात जामीन मिळाला. बातमी खरी होती, तिच्यात कोणी भर घातली नव्हती. तरी न्यायालयापाशी जमलेल्या कॅमेऱ्यांपैकी एकही आमच्या गल्लीतला चिखल पाहायला आला नाही.

सेवानिवृत्त शिक्षक, तासगाव तालुका

26/11 नंतर मोठ्या शहरांत अशा लहान घटना घडतात, या अर्थाचे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील म्हणजे आमच्या आबांचे हिंदीतले वाक्य सर्वांच्या लक्षात राहिले. हल्लेखोर 5000 माणसे मारायला आले होते, त्या मानाने हानी कमी झाली, हा त्यापुढचा भाग मला बऱ्याच दिवसांनी वाचायला मिळाला. तो आधी कळला असता तरी आप्त गमावलेल्यांना ते उत्तर बोचलेच असते आणि 1 डिसेंबर 2008 चा त्यांचा राजीनामा मला अयोग्य वाटत नाही. पण आम्ही वर्षानुवर्षे निवडून दिलेल्या माणसाविषयीचे मत अर्धे उत्तर ऐकून बनवावे लागले, याचे मला दुःख आहे.

बातमीदार, मराठवाडा

एखाद्या समाजाविरुद्धचे चिथावणीखोर वाक्य जसेच्या तसे छापले, तर वक्त्याचे काम आपणच पुढे नेतो. द्वेषपूर्ण भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 2023 रोजी सर्व राज्यांना सांगितले. तेव्हापासून मी वाक्याचा केवळ आशय देतो, बोलणाऱ्याचे नाव देतो आणि चार दिवसांनी पोलीस ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवला का, ते विचारतो. ही दुसरी बातमी बहुधा तीन ओळींत छापली जाते.