पाण्याखालच्या व्हिडिओत तोच मासा परत परत येतो, मग मोजायचं कसं?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी, मी नाशिकला एमएस्सी झूलॉजी करतेय. प्रोजेक्टसाठी मालवणच्या खडकाळ किनाऱ्याजवळचे मासे पाण्याखालच्या व्हिडिओने बघायचं ठरवलंय, म्हणजे पाइपच्या फ्रेमला कॅमेरा, समोर दांड्यावर आमिषाची पिशवी आणि तासभर तळाला सोडून द्यायचं. समुद्र इथून लांब म्हणून आधी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला ओळखीच्या मच्छीमार काकांच्या होडीतून ट्रायल घेतली. पंचवीस मिनिटांतच काचेवर आतून धुकं आलं, ते एक. पण खरी अडचण मोजण्याची आहे. चिलापी येते, पिशवीला तोंड मारते, फ्रेमबाहेर जाते, परत येते. मी आल्या तशा मोजल्या तर 140 झाल्या, मैत्रिणीने तोच व्हिडिओ बघून 90 सांगितल्या. आता यात खरं काय धरायचं? जाळं टाकून मोज असं बरेच जण सांगतात, पण मला मासे मारून मोजायचे नाहीयेत.

देवगडकर:
ताई, येणारे-जाणारे मोजूच नका. अख्ख्या तासात एका जातीचे मासे एकाच फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती दिसले तेवढाच आकडा घ्यायचा, त्याला मॅक्सएन म्हणतात. समजा 12व्या मिनिटाला 4 दिसले, 31व्याला 9, 50व्याला 6, तर नोंद 9. एकाच वेळी समोर दिसलेले 9 म्हणजे 9 वेगळेच मासे, तेवढे तरी तिथे नक्की होते. प्रत्यक्षात जास्त असतील, पण आपल्याला समुद्रातले एकूण मासे सांगायचेच नाहीयेत, या खडपाची त्या खडपाशी आणि यंदाची पुढच्या वर्षाशी तुलना करायचीय. म्हणून आमिष तेच, वजन तेच, वेळ तोच ठेवा. तारली कुस्करून घ्या, तेलकट असते, वास लांब जातो. एकदा तारली आणि एकदा कोळंबीची टरफलं असं केलंत तर तुलना गेलीच म्हणून समजा. दोन फ्रेम जवळजवळ टाकू नका, निदान दोन-तीनशे मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकीकडचा मासा दुसरीकडच्या वासावर जातो. आणि ही पद्धत कच्ची समजू नका. जगभरातले शार्क मोजणाऱ्या ग्लोबल फिनप्रिंट प्रकल्पाने 58 देशांतल्या 371 प्रवाळ भागांत असेच कॅमेरे सोडून 15,000 तासांहून जास्त व्हिडिओ बघितला, 2020 मध्ये निष्कर्ष आले, आणि जवळपास पाचातल्या एका ठिकाणी एकही शार्क दिसला नाही. मला तरी हे जाळ्यापेक्षा पटतं, मासा जिवंत राहतो आणि व्हिडिओ दहा वर्षांनी कुणीही परत तपासू शकतो.

सातपूर_फिटर:
धुक्याचं मी सांगतो. कॅमेऱ्याच्या केसमधली, म्हणजे वॉटरप्रूफ डबीतली, हवा दमट असते, कॅमेरा चालून गरम होतो, बाहेर पाणी गार, मग वाफ काचेवर धरते. सकाळी होडीवर केस बंद करू नका, आदल्या रात्री कोरड्या खोलीत सिलिका जेलची पुडी आत टाकून बंद करा. बंद करताना रबरी रिंगवरून बोट फिरवून बघा, डोक्याचा एक केस जरी अडकला तरी पाणी आत येतं, माझा एक कॅमेरा असाच गेलाय. पाइपांना भोकं पाडलीत का, नाहीतर आत हवा राहून फ्रेम तळाला नीट बसत नाही. वेल्डिंग किंवा कटिंग लागलं तर सातपूरला या, करून देतो.

किनारपट्टी_मालवण:
वरचं सगळं बरोबर, पण आमिषावर सगळेच येत नाहीत. गोबरा, तांबोसा असे शिकारी मासे येतात, शेवाळ खाणारे आमिषासाठी सहसा येत नाहीत आणि मोठा गोबरा आला की बारके खडपात घुसतात. म्हणून त्याच जागी काही व्हिडिओ बिनआमिषाचेही घ्या आणि निकालात दोन्ही वेगळे लिहा. तळ कसा आहे ते दरवेळी नोंदवा, खडक, वाळू, प्रवाळ की शेवाळ, ते नसेल तर मासा तिथे का आहे हे कळणारच नाही. पावसाळ्यात येऊ नका, पाणी गढूळ असतं, नोव्हेंबरनंतर बघा, तेही भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, उधाणाला ओढ जास्त असते आणि गाळ उठतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. आणि बोया टाकण्याआधी गावातल्या लोकांना विचारा जाळी कुठे लावलीत. कॅमेरा दिसला की लोकांना वाटतं मासेमारी बंद करायला आले, तेव्हा आधी बसून बोला, व्हिडिओ त्यांनाही दाखवा. कुठल्या खडपावर काय मिळतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

गोदाकाठची:
देवगडकर दादा, काल रात्री दोघींनी वेगवेगळं बसून परत मोजलं. तिचेही 11, माझेही 11, आणि मिनिटही तेच निघालं, 19वं. सगळ्या चिलाप्या पिशवीभोवती आणि एक मरळ मागे अंधारात नुसती उभी, आधी आम्हाला ती दिसलीच नव्हती. सातपूर दादा, शनिवारी फ्रेम घेऊन येते. मालवणच्या दादा, नोव्हेंबरच्या अष्टमीच्या आसपास यायचा विचार आहे, परवानगीचा अर्ज आजच लिहायला घेतलाय.